अकरा दगड आणि दोन नख्या

५ जानेवारी, रविवार

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लिहितो आहे. हौस नाही. मोतीबिंदू काढून चार महिने झाले, डोळा आता सुईत दोरा ओवेल इतका साफ आहे, पण उजवा हात थरथरतो. जालन्याच्या डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला, बोटं दाबली, सतरा तपासण्या केल्या आणि म्हणाले, "माणिकराव, हाताला काही झालेलं नाही. रोज एक पान लिहीत जा." म्हणजे बिघाड डोक्यात आहे असं त्यांना म्हणायचं होतं. तोंडावर म्हणाले नाहीत एवढंच.

तर मी माणिकराव, वय सदुसष्ट, सोनार, राहणार देऊळगाव राजा. खाली दुकान, वर घर. बापाच्या ऐरणीवर पन्नास वर्षं बसलो. गेल्या श्रावणात एका बाईचं डोरलं डाग द्यायला, म्हणजे सांधा जोडायला आलं होतं. डोळ्यावर तेव्हा जाळं होतं, पण ते कबूल कोण करणार! ज्योत क्षणभर जास्त लागली आणि डोरल्याचा गोळा झाला. सोनं तेवढंच परत केलं. पण ते तिच्या आजेसासूचं डोरलं होतं, ते कुठून देणार? बाईने गोळा मुठीत धरला. डोळ्याला पदर लावून पायऱ्या उतरली. त्या दिवसापासून ज्योतीजवळ गेलो की हात असा हलतो, आणि दुकानाला कुलूप आहे.

माझा मुलगा प्रेम शाळेत मास्तर आहे. त्याचं म्हणणं, बंद दुकान काय उंदरांसाठी ठेवायचं? गल्लीतल्या किसनरावांच्या मुलाला मोबाइलचं दुकान टाकायचं आहे, पाडव्यापासून त्याला देऊन टाकू. मी म्हणालो, माझ्या मढ्यावरून ने किल्ली. आमची बायको सत्यभामा म्हणाली, सकाळी सकाळी अभद्र बोलू नका, पोहे गार होतात. शेवटी ठरलं की पाडव्यापर्यंत मी दुकान उघडून कामाला बसलो तर दुकान माझं, नाहीतर मोबाइलवाल्याचं. ठरलं म्हणजे प्रेमने ठरवलं. मी रागाने गप्प होतो, तोच त्याने होकार समजला.

अक्षर पाहा. कोंबडीने पाय ओढल्यासारखं आलंय.

७ जानेवारी, मंगळवार

किसनराव टेप घेऊन दुकान मोजायला आले. पाडव्याला अजून पावणेतीन महिने आहेत! त्यांनी ऐरणीच्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "इथं काचेचं काउंटर बसेल ना?" मी म्हणालो, ऐरण खाली हातभर पुरलेली आहे. ते हसून म्हणाले, "काढता येते हो, मजूर लावू." चहा न पाजता वाटेला लावलं त्यांना.

१२ जानेवारी, रविवार

आता सुनेबद्दल. संजीवनी तिकडची, संग्रामपूरकडच्या सोनाळ्याची. लग्नाला सहा वर्षं झाली तरी तिचं 'मले-तुले' काही जात नाही. पोर गुणाची आहे. पण एक खूळ घेतलंय तिने. रंगीत दगडांचे मणी रेशमात ओवून हार करते. दोन मण्यांत एक गाठ, पुन्हा मणी, पुन्हा गाठ. धातू म्हणाल तर गळ्याच्या मागे हूक, बस्स. शाळेतल्या मास्तरणी घेतात हौसेने. सोनाराच्या घरात दगड ओवायचे! माझा बाप असता तर त्याने फुंकणी फेकून मारली असती.

शुक्रवारी प्रेमबरोबर जालन्याला जाऊन सामान घेऊन आली. आज दुपारी माझ्यापुढे तुटका हूक घेऊन उभी.

"मामाजी, हे पाहा न. एकदाच घातलं अन् तुटलं. बाजारातल्या मालात काही दमच नाही राह्यला. तुम्ही एक चांदीचा करून देता काय?"

मी हूक भिंग लावून पाहिला. तुटला होता तिथे दोन्ही बाजूंनी पकडीच्या दातांसारखे वळ. असा कच्चा माल की नुसत्या घालण्याने पीळ पडतो! मी साफ सांगितलं, जमणार नाही, हात पाहा माझा. तिने हाताकडे पाहिलंच नाही. "बरं मामाजी," म्हणाली आणि हूक माझ्या डायरीजवळ ठेवून भाकरी टाकायला गेली. उचलून न्यायचाही विसरली. डोकं म्हणून नाही या पोरीला.

१३ जानेवारी, सोमवार

हूक करायचा म्हणून नाही, उंदीर झाले का ते पाहायला खाली गेलो. पाच महिने बंद असलेल्या दुकानात धूळ असायला हवी, तर जमीन पुसलेली. बर्नरचा गॅस संपला असणार असं वाटलं होतं, तो भरलेला. नशीब म्हणायचं. चांदीची जुनी तार खणात होती. म्हटलं, तार ओढून तरी पाहू. तार ओढायला ज्योत लागत नाही. मग तार वाकवून पाहिली. मग म्हटलं, आता एवढं झालंच आहे तर.

काडी तीन वेळा विझली. चौथ्याला ज्योत लागली आणि हात हलायला लागला. मी हाताला शिव्या घातल्या, अगदी मोठ्याने, बापाकडून शिकलेल्या सगळ्या. शिव्या संपेपर्यंत डाग बसला होता.

दहा मिनिटांच्या हुकाला अडीच तास लागले. पण हूक असा झाला की बैल बांधावा. मागे वळलो तर सत्यभामा पायरीवर चहा घेऊन उभी. तिला कसं कळलं मी खाली आहे ते, देव जाणे. पूर्वीसारखा आल्याचा चहा होता.

१४ जानेवारी, संक्रांत

संजीवनीने हूक पाहिला आणि म्हणाली, "मामाजी, आता दुसरा कोणता लावूशाच वाटणार नाही मले." मग हळूच आणखी तीन मागितले. तिळाचा लाडू पुढे करून मागते! लबाड आहे.

२२ जानेवारी, बुधवार

चौदा हूक झाले. शेवटचा वीस मिनिटांत. अक्षरही आज ओळीवर बसलंय.

पंचफुला आली होती. ती झारेकरीण, सोनारांच्या दुकानातली धूळ झाडून नेते आणि पाण्यात धुऊन त्यातला कण न् कण वेचते. तिची सासूही माझ्या बापाकडे यायची. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, झाड बाई, दुकान चालू झालंय. तिने कोपऱ्यातली धूळ तळहातावर घेऊन बोटाने पसरली आणि म्हणाली, "दादा, ही तर नुसतीच धूळ हाय." आणि कुंचा काखेत मारून निघून गेली. खोटं का बोलू, लागलं मला. चौदा हुकांनी दुकान होत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

आज घरात पाहुणी. संजीवनीची चुलतबहीण, नाव काय ते मला अजून माहीत नाही, सगळे छकुलीच म्हणतात. तेवीस वर्षांची, बोलायला फटाकडी. दोन मार्चला सोनाळ्याला तिचं लग्न आहे. तिने ओढणीची गाठ सोडली आणि माझ्यापुढे अकरा दगड ठेवले.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या बापाने वावरात विहीर खोदली. पाणी चाळीस फुटांवर लागलं, पण त्याआधी मुरमातून बटाट्याएवढ्या गारगोट्या निघाल्या. मजुरांनी बांधावर फेकल्या. हिने एक फोडून पाहिली, तर आत अकीक, दागिन्यांत घालतात तो दगड. गुजरातेत खंबायतला पाठवून कापून-घासून आणले. बदामाच्या आकाराचे, चपटे, कुठेही भोक नाही.

मी एक दगड खिडकीसमोर धरला. काय सांगू! बाहेरून मातकट दिसणारा तो दगड आतून मधासारखा पेटला. आत कापलेल्या कांद्यासारखे पदरावर पदर. पन्नास वर्षांत हिरे-माणकं पुष्कळ हाताळली, पण दगड हातात धरून असा खिडकीशी कधी खिळलो नव्हतो.

छकुली म्हणाली, "काका, सोनं तर सासरचे घालतीलच. पण मले माझ्या बापाच्या वावरातलं काही तरी गळ्यात पाह्यजे. दगड दिसले पाह्यजेत, चांदी नाही दिसली तरी चालते."

संजीवनी म्हणाली, "भोक पाडलं तं पदर तुटतात. नुसतं धरून ठेवाचं हाय दगडाले, मामाजी. ते माह्या गाठीनं होत नाही. तुमचंच काम हाय."

कोंदण! म्हणजे माझ्या घराण्याचं काम. मी हो म्हणालो. प्रेमलाही ऐकवलं, हे लग्नाचं काम आहे, हूक नव्हे. हा हार गळ्यात नीट बसला तर दुकानाचं बोलणं पुन्हा काढायचं नाही. तो म्हणाला, "आणि नाही बसला तर, बाबा?" मास्तर झाला म्हणून बापाची परीक्षा घेतो!

६ फेब्रुवारी, गुरुवार

नक्षी काढून दाखवली. प्रत्येक दगडाभोवती चांदीची आठ पाकळ्यांची कड, वर रवा काम, म्हणजे चांदीच्या बारीक दाण्यांची नक्षी. संजीवनीने कागदावर तळहात ठेवला. हाताखाली सगळ्या पाकळ्या झाकल्या गेल्या, मधला दगड तेवढा उरला. म्हणाली, "एवढंच राहू द्या न, मामाजी."

मी म्हणालो, तू गाठी मार, कोंदण मला शिकवू नको. सत्यभामा म्हणाली, "काऊन तिच्यावर ओरडता? पाकळ्याच हव्या तर फुलं घाला गळ्यात, सोनार कशाला हवा." या घरात माझ्या बाजूने कोणी नाही. पाकळ्या काढून टाकल्या. पण मनात म्हटलं, आपली एक करामत दाखवूच. आतली करामत, जी वरून दिसत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सगळं संपलं. नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी शहाणपण करायला गेलं तर वाचेल.

आमच्यात कोंदणात खडा बसवताना त्याच्या पोटाखाली डाक घालतात. डाक म्हणजे चांदीचा चकचकीत पातळ पत्रा. खडा फिका असला तरी डाकेने झळाळतो. बापाने मला पहिलं हेच शिकवलं. सहा दिवस खपून अकराही दगड मागून बंद कोंदणात बसवले, प्रत्येकाखाली डाक. कोणाला दाखवलं नाही. हात एकदाही हलला नाही. आज सकाळी पुरणाच्या ताटासारखं झाकून आणलं आणि फडकं ओढलं.

झळाळत होते. पण कसे? जत्रेतल्या काचेच्या खड्यांसारखे. उजेड वरून आत शिरत होता आणि पत्र्यावर आपटून तसाच परत येत होता. आतले पदर नाहीसे. मध नाहीसा. मला स्वतःलाच दिसलं.

संजीवनी एकेक दगड उचलून खिडकीशी धरून पाहत होती. अकराव्या दगडापर्यंत तिने मान वर केली नाही. तेवढ्यात छकुलीचा व्हिडिओवर फोन. ती बिचारी सरळ स्वभावाची, पाहताच म्हणाली, "ताई, हे आमच्या इहिरीतले दगड नाहीत. कोणाचे दाखवून राह्यली?"

मी उठून आलो. डोरलं वितळलं तेव्हा डोळ्यावर जाळं होतं, म्हणायला कारण होतं. आज तर डोळा साफ आहे. प्रेमला म्हणालो, किसनरावांना सांग, पाडव्याची वाट पाहायची गरज नाही. तो वह्या तपासत राहिला. निदान टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काही नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस खाली गेलो नाही. आज पेपर वाचत, म्हणजे तोंडासमोर धरून बसलो होतो. सत्यभामा समोर लसूण सोलत होती. एकाएकी म्हणाली, "तुमच्या चष्म्यालाही मागून एक डाक लावून घ्या. झळाळेल चांगला."

असा संताप आला! चष्मा काढून तिच्यापुढे आपटणार होतो. काढला, आणि हातातच राहिला.

काच कशाने धरली आहे? काठाने. काठावरून गेलेली बारीक तार, बाकी पुढून-मागून मोकळी. मागे पत्रा असता तर मला दिसलं असतं का काही? वर्षभर जाळ्यातून पाहत होतो, डॉक्टरांनी ते काढलं तेव्हा पट्टी सुटल्याबरोबर मी सत्यभामेचा चेहरा पाहून रडलो होतो, आणि त्याच डोळ्यांनी मी त्या दगडांच्या पाठीवर जाळं बसवलं! गाढव आहे मी. हे डॉक्टरांनी वाचलं तरी हरकत नाही.

"कुठं निघाले?" सत्यभामा म्हणाली. मी म्हणालो, खाली. "चप्पल तरी घाला."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कोंदणं उघडतो आहे. घातलेलं काढणं हे घालण्यापेक्षा अवघड. दिवसाला तीन दगड. संजीवनी शेजारी पाटावर बसून रेशमाला पीळ देते. मी तिला म्हणालो, चुकलं माझं. ती म्हणाली, "मामाजी, ते डाकचं कोंदणही इतकं साफ हाय, मले ठेवाचं हाय एक. शिकाले." खोटं बोलत होती की खरं, समजलं नाही. एक रिकामं दिलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नववा दगड काढताना काठाचा टवका उडाला. ज्वारीच्या दाण्याएवढा. आवाजही झाला नाही नीट.

कोणाला कळलं नसतं. टवक्याची बाजू वर करून रेशमाच्या गाठीत दडवता आली असती. हे मनात आलं, खोटं कशाला लिहू. पण ती पायऱ्या उतरणारी बाई डोळ्यांसमोरून हलेना. मी स्वतः छकुलीला फोन लावला. हात थरथरत होता, फोन धरण्यापुरता. म्हणालो, पोरी, तुझ्या एका दगडाचा मी टवका उडवला. दहाच धर आता.

ती म्हणाली, "काका, इहिरीवर मजुरायनं किती फोडले ते मोजले नाहीत आम्ही. तो दगड फेकू नका बापा. मधात लावा त्याले."

"मधात? सगळ्यांना दिसेल तो."

"दिसू द्या न. तुम्ही कसा धरता ते मले पाहाचं हाय."

फोन ठेवल्यावर मी ऐरणीवर हात टेकून उभा राहिलो. मग नाक शिंकरून कामाला लागलो.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

झाला! झाला, झाला, झाला!

प्रत्येक दगडाच्या काठावरून एकच चांदीची तार, खराट्याच्या काडीहून बारीक. वर एक नखी, खाली एक नखी, मांजरीच्या नखाएवढ्या. बाजूंना दोन नाकं, म्हणजे बारीक कड्या, त्यातून संजीवनीचं रेशीम. पुढून मोकळं, मागून मोकळं. अकरा दगडांना मिळून जेवढी चांदी लागली तेवढी मी पूर्वी एका पाकळीत घालायचो. आणि मधल्या दगडाची खालची नखी बरोबर टवक्यावर बसवली आहे. जिथे तुटलं होतं तिथेच धरलं आहे. आता ती नखी तिथे नसती तर दगड उघडा वाटला असता.

पक्कं आहे का ते पाहायला एकेका दगडाच्या नाकांना खलबत्त्यातला बत्ता टांगून ठेवला. डब्यात घालून खुळखुळवलं. सत्यभामा ओरडली, खुळखुळा आहे का तो! एकही हलला नाही.

मग संजीवनीने गाठी मारून हार पुरा केला, मागे माझा हूक लावला आणि खिडकीच्या दांड्याला अडकवला. अकरा दगड उजेडाने भरले. भिंतीवर अकरा मधाळ डाग पडले. प्रेम देवळातून आला तो प्रसादाची पिशवी हातात तशीच धरून त्या भिंतीकडे पाहत राहिला. म्हणालो, काय मास्तर, पास की नापास? तो हसला आणि माझ्या पाया पडला. दिवाळी नाही, दसरा नाही! मी गडबडून त्याला "सुखी राहा" म्हणण्याऐवजी "बस, बस" म्हणालो.

उपास असून दोन केळी जास्त खाल्ली.

३ मार्च, सोमवार, सोनाळा

काल लग्न झालं. आज सोनाळ्याच्या अंगणात बाजेवर बसून लिहितो आहे, समोर सातपुडा. अक्षर घाईचं आहे, थरथरीचं नाही.

नवरदेवाची आजी झुंबरबाई, ऐंशीच्या पुढची. गळ्यात एवढं सोनं की मान पुढे आलेली. तिने मांडवात छकुलीला जवळ ओढून हार बोटांनी चाचपला. सगळ्या बाया भोवती.

"सोनं कुठी हाय बापा यात?" म्हातारी म्हणाली.

मला मध्ये बोलायचं होतं, सत्यभामेने कोपर मारलं. छकुली म्हणाली, "नाही आजी. दगड हाय. आमच्या इहिरीतला."

"अन् हे कशानं धरलं? काहीच तं दिसत नाही. पडन की!"

तेवढ्यात मुहूर्त झाला, अंतरपाट निघाला. हार घालायची वेळ आली तशी नवरदेवाच्या दोस्तांनी त्याला खांद्यावर उचललं, मग इकडच्या पोरांनी छकुलीला उचललं. हा चावटपणा मला कधीच आवडला नाही. ती वाकली, तो वाकला, आणि झेंडूच्या हाराचा दोरा आमच्या हारात अडकला. त्याच क्षणी खालच्या पोराचा पाय सरकला. नवरदेव इकडे, नवरी तिकडे, आणि मध्ये अकरा दगडांवर दोघांचा हिसका!

मी डोळे मिटले. खरंच मिटले. मला डोरल्याचा गोळा दिसला.

तट्‌कन आवाज आला. डोळे उघडले तर झेंडूचा हार तुटून फुलं मांडवभर उधळलेली, आणि छकुलीच्या गळ्यात अकराच्या अकरा दगड जागच्या जागी. एक नखी वाकली नाही. एक गाठ सुटली नाही. मी "हाव!" असा ओरडलो की बँडवाला थांबला. वराकडच्या लोकांना वाटलं मुलीकडच्या म्हाताऱ्याला काही झालं. मला झालंच होतं! संजीवनी माझा हात धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी म्हणालो, वेडी, रडते काय, टिकला ना! ती म्हणाली, "म्हणूनच तं."

जेवणाच्या पंगतीत झुंबरबाईने मला बोलावून घेतलं. उन्हाकडे तोंड करून छकुलीला बसवलं होतं आणि म्हातारी एक डोळा मिटून दगडांतून आरपार पाहत होती. म्हणाली, "सोनारबुवा, मले असाच एक पाह्यजे. सोनं वागवून वागवून मान गेली माही. पण मले दगड आमच्या वावरातला लागन. या लोकायचीच इहीर काय मोठी लागून गेली!"

माझ्या आयुष्यात इतकी चांगली शाबासकी मला कोणी दिली नाही.

११ मार्च, मंगळवार

झुंबरबाईचे सात दगड आले, फडक्यात बांधून, अजून माती लागलेली. चिखलीहून दोन बाया आल्या. प्रेमच्या शाळेतली एक मास्तरीण वडिलांच्या मळ्यातला दगड घेऊन आली, तो साधा खडक निघाला, तिची समजूत काढताना नाकी नऊ आले. खंबायतला एक पेटी पाठवली.

किसनराव पुन्हा टेप घेऊन आले होते. मी तोंड उघडायच्या आत प्रेम म्हणाला, "काका, दुकान चालू आहे. दुसरीकडे पाहा." शेवटी माझं म्हणणं त्याच्या गळी उतरलं. पहिल्यापासून मी हेच सांगत होतो.

या वेळी मी त्यांना चहा पाजला.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली. गुढीला साखरेच्या गाठीशेजारी संजीवनीने एका दगडाचा छोटा हार घातला. दुकानाची पाटी नवी रंगवली. वर जुनंच, 'माणिकराव सोनार'. त्याखाली मी रंगाऱ्याकडून 'व संजीवनी' लिहून घेतलं. तिला आधी सांगितलं नव्हतं. पाटी पाहून ती पदरात तोंड खुपसून घरात पळाली. सत्यभामा म्हणाली, माझं नाव कुठं आहे? मी म्हणालो, चहावर.

पंचफुला आली. मी काही बोललो नाही, मुद्दाम. तिने ऐरणीभोवतीची धूळ तळहातावर घेतली, बोटाने पसरली, उन्हाकडे धरली. "दादा," म्हणाली, "हाय यात." आणि पाट हलवून, कोपरे खरवडून, सगळं झाडून नेलं. कानाकोपरा लख्ख केला. जाताना गुढीला हात जोडले.

दुपारी संजीवनीच्या रेशमाच्या डब्यात लाल रीळ शोधत होतो, तर खाली एक पाकीट सापडलं. बाजारी हुकांचं, जालन्याच्या दुकानाचं. चिठ्ठीवर तारीख दहा जानेवारी. पाकिटावर शंभर नग. मोजले, नव्व्याण्णव. म्हणजे तो पहिला तुटका हूक यातलाच, आणि बाकीच्यांना तिने हातही लावला नाही! त्यातले दोन मी पकडीने ओढून पाहिले. चांगले मजबूत निघाले, आश्चर्य आहे. शंभरात नेमका एक खराब आणि नेमका तोच पोरीच्या हाती यावा, नशीब म्हणायचं. आणि घरात एवढे पडले असताना ती मला आणखी तीन, आणखी दहा करायला लावत बसली. विसरून गेली असणार. म्हटलं ना, हाताला कला आहे पण डोकं म्हणून नाही.

मी पाकीट ऐरणीमागच्या खणात तळाशी ठेवून दिलं. असल्या मालाच्या नादी ती पुन्हा लागायला नको. माझा हात चालतो आहे तोवर तिला त्याची गरज पडणार नाही.

सत्यभामेला हे सगळं सांगितलं तर ती हसायला लागली. श्रीखंडाची वाटी हातात, डोळ्यांतून पाणी, हसणं थांबेना. काऊन हसते म्हणून तीनदा विचारलं. शेवटी म्हणाली, "लिहा, लिहा. डॉक्टरांना दाखवायचंय ना."

उद्या झुंबरबाईचा हार पुरा करायचा आहे. नऊला दुकान उघडतो.